थंड वाळवंटातील नत्रदाते झुडूप : सी बकथॉर्नची बियांपासून लागवड

लेहमध्ये पाऊस आणि बर्फ मिळून वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. मुंबईत जुलैमधील एका मुसळधार दिवसात याहून अधिक पाऊस होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या या प्रदेशात हिवाळ्यात पारा उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि शेतीचा हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा असतो. जमीन वाळू व गोट्यांची. तिच्यात सेंद्रिय द्रव्य नाममात्र आणि नत्र त्याहूनही कमी. अशा जमिनीत, सिंधू, श्योक आणि नुब्रा या नद्यांच्या काठाने रुपेरी पानांच्या काटेरी जाळ्या उभ्या असतात आणि ऑगस्टअखेर त्या नारिंगी फळांनी लगडतात. लडाखी लोक या झुडपाला ‘त्सेरमांग’ आणि त्याच्या फळाला ‘त्सेस्तालुलू’ म्हणतात. लाहौल-स्पितीमध्ये ते ‘छर्मा’ या नावाने ओळखले जाते. जगभर प्रचलित असलेले नाव मात्र ‘सी बकथॉर्न’ हे आहे.

या झुडपाच्या आंबट फळांचा रस आणि तेल आता शहरांतील दुकानांतही दिसू लागले आहे. त्याचे खरे महत्त्व मात्र फळापेक्षा मुळाशी आहे. स्वतःला लागणारा नत्र ते हवेतून मिळवते आणि उजाड जमिनीला सुपीकतेचा पहिला हप्ता देते. जुन्या जाळ्या मुळांपासून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी पसरतात. त्यामुळे दिसायला मोठी असलेली जाळी अनेकदा एकाच झाडाचा विस्तार असते. नव्या गुणांची पिढी येते ती केवळ बियांतून. म्हणूनच बियांपासून रोपे तयार करण्याची पद्धत नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

झुडपाची ओळख

सी बकथॉर्नचे शास्त्रीय नाव हिप्पोफी ऱ्हॅम्नॉइडीस. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली ते रूढ केले. त्यातील ‘हिप्पो’ हा अंश घोडा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. या झुडपाचा पाला खाल्ल्याने घोड्यांच्या अंगावर तकाकी येते, अशी जुनी समजूत या नावामागे असल्याचे सांगितले जाते.

ही वनस्पती इलिॲग्नेसी या कुलातील आहे. महाराष्ट्राच्या वाचकांना हे कुल अगदीच परके नाही. सह्याद्रीच्या जंगलात आढळणारी आंबगूळ ही आंबटगोड फळांची वेल याच कुलातील. आंबगुळाच्या पानाची मागची बाजू चकचकीत रुपेरी दिसते. सी बकथॉर्नच्या पानांवरही तसेच सूक्ष्म खवले असतात. त्यांच्यामुळे प्रखर ऊन आणि कोरडे वारे यांचा मारा सौम्य होतो.

भारतीय हिमालयात या प्रजातीच्या तीन जाती प्रामुख्याने आढळतात. ऱ्हॅम्नॉइडीस लडाख आणि लाहौल-स्पितीच्या कोरड्या पट्ट्यात, सॅलिसिफोलिया उत्तराखंड व सिक्कीमच्या तुलनेने ओलसर दऱ्यांत, तर गुडघाभर उंचीची तिबेटाना अतिउंच प्रदेशात वाढते. ऱ्हॅम्नॉइडीसची उंची साधारणतः दोन ते चार मीटर असते आणि उणे ४० अंशांपर्यंतची थंडी ती सोसू शकते.

हवेतला नत्र मुळांपर्यंत

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा असला तरी बहुतेक वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. तूर, हरभरा, ताग किंवा बांधावरचे गिरिपुष्प यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम गटाचे जिवाणू राहतात आणि नत्राचे स्थिरीकरण करतात, हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. सी बकथॉर्न मात्र शेंगवर्गीय नाही. त्याचा सोबती निराळा आहे. फ्रँकिया नावाचा हा जिवाणू बुरशीसारख्या बारीक तंतूंच्या रूपाने वाढतो. प्रयोगशाळेत तो सहजासहजी वाढत नसल्यामुळे त्याचा अभ्यास दीर्घकाळ रखडला होता. रायझोबियम १८८८ साली वेगळा करण्यात आला. फ्रँकिया वेगळा करून वाढवण्यात यश यायला १९७८ साल उजाडले.

फ्रँकियामुळे मुळांवर पोवळ्यासारख्या फुटव्यांच्या गाठी तयार होतात. वार्षिक पिकांच्या गाठी हंगामाबरोबर संपतात. या गाठी मात्र वर्षानुवर्षे वाढत राहतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर झालेला एक अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्यात तेरा ते सोळा वर्षे वयाच्या जाळ्यांमध्ये हेक्टरी सुमारे १८० किलो नत्र वर्षाला स्थिर होत असल्याचा अंदाज मांडण्यात आला होता. लडाखसारख्या कोरड्या आणि अल्प हंगामाच्या प्रदेशात हाच आकडा गृहीत धरता येणार नाही. तरीही गळलेला पाला आणि कुजणारी मुळे यांतून हा नत्र शेजारच्या गवताला व झाडांना मिळतो, हे तत्त्व तेथेही लागू पडते. नागालँडमधील खोनोमा गावचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेतात अल्डर वृक्ष राखत आले आहेत. त्या वृक्षाच्या मुळांतही फ्रँकियाच असतो.

बी की छाट?

सी बकथॉर्नची अभिवृद्धी फांदीच्या छाट कलमाने, मुळांच्या धुमाऱ्यांनी आणि बियांपासून अशा तिन्ही प्रकारे होते. यांपैकी कोणती पद्धत निवडावी, हे लागवडीच्या हेतूवर अवलंबून असते.

छाटापासून तयार झालेले रोप मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असते. त्याचे लिंग, फळाचा आकार आणि काट्यांचे प्रमाण आधीच ठाऊक असते. फळेही लवकर धरतात. त्यामुळे फळबाग करायची असेल तर छाटच योग्य. बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळे असते. त्यांतील जवळपास निम्मी रोपे नर निघतात आणि नरांना फळे येत नाहीत. मात्र उतारावरची माती धरून ठेवणे, वारा अडवणे, पडीक जमीन सुधारणे किंवा झिजलेल्या जाळ्यांमध्ये नवी भर घालणे हा हेतू असेल, तर हेच वेगळेपण उपयोगी ठरते. काही रोपे थंडीला चिवट, काही दुष्काळाला, काही क्षारांना. एका संकटात सगळी एकदम बळी पडण्याचा धोका कमी होतो.

शिवाय उत्तम वाणांची सुरुवातही बियांपासूनच होते. रशियातील अल्ताई प्रदेशात मिखाईल लिसावेन्को यांच्या संस्थेत विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या फळावर काम सुरू झाले. रानटी जाळ्यांतील बियांची रोपे वाढवून, त्यांतील मोठ्या फळांची आणि कमी काट्यांची झाडे निवडून तेथे नामांकित वाण तयार झाले.

फळे आणि बी गोळा करणे

लडाखमध्ये फळे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात पिकतात आणि बराच काळ फांद्यांना चिकटून राहतात. प्रत्येक फळात तपकिरी, चकचकीत असे एकच बी असते. बी आकाराने बारीक असून हजार बियांचे वजन साधारणतः १० ते २० ग्रॅम भरते. म्हणजे मूठभर बियांतून मोठी रोपवाटिका उभी राहू शकते.

बियांसाठी फळे निवडताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले, एकाच लगडलेल्या झुडपावरून सगळे बी घेऊ नये. एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक जाळ्यांतून थोडे थोडे घ्यावे. दुसरे, लागवड जेथे करायची आहे, तेथील उंची आणि हवामान यांच्याशी जुळणाऱ्या ठिकाणचेच बी घ्यावे. सौम्य हवामानातील बियांची रोपे शरद ऋतूत उशिरापर्यंत वाढत राहतात आणि पहिल्या कडक थंडीत त्यांचे कोवळे शेंडे करपतात.

जंगलातील फळे गोळा करण्यासाठी फांद्यांना काठीने झोडपण्याची रीत आहे. त्यात कोवळ्या फांद्या मोडतात आणि पुढील वर्षीच्या कळ्याही जातात. बियांसाठी लागणारी फळे थोडी असतात. ती जाड हातमोजे घालून हाताने तोडणे किंवा लहान कात्रीने कापणे इष्ट. फळे कुस्करून पाण्यात घोळली की गर वेगळा होतो आणि भरलेले बी तळाशी बसते. तरंगणारे बी बहुधा पोकळ असते; ते टाकून द्यावे. उरलेले बी स्वच्छ धुऊन सावलीत वाळवावे आणि थंड, कोरड्या जागी ठेवावे. साधारण तापमानाला साठवलेल्या बियांची उगवणशक्ती वर्षागणिक घटते, म्हणून शक्यतो त्याच वर्षीचे बी वापरावे.

थंडी ही शत्रू नव्हे, पूर्वअट

ताजे बी ओल्या मातीत टाकले तर त्यातील काही उगवते, बरेचसे तसेच पडून राहते. यात बियांचा दोष नाही. शरद ऋतूत गळलेले बी लगेच उगवले, तर कोवळे रोप महिन्याभरात गोठून मरेल. म्हणून बी सुप्तावस्थेत राहते. थंड आणि ओलसर स्थितीत पुरेसे आठवडे गेल्यावरच हिवाळा सरला, असा संकेत त्याला मिळतो. नुसती थंडी पुरत नाही. तिच्याबरोबर ओलही लागते. शीतकपाटात कोरडे ठेवलेले बी टिकते, पण जागे होत नाही.

हा संकेत दोन मार्गांनी देता येतो. पहिला मार्ग निसर्गाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमीन गोठण्यापूर्वी बी वाफ्यात पेरायचे आणि बाकीचे काम हिवाळ्यावर सोपवायचे. यात श्रम कमी, पण उंदीर, पक्षी आणि कोरडे वारे यांमुळे नुकसान अधिक. दुसरा मार्ग शीतोपचाराचा. बी एक-दोन दिवस कोमट पाण्यात भिजवावे, तिप्पट ओलसर वाळूत मिसळावे आणि २ ते ५ अंश तापमानात सुमारे तीन महिने ठेवावे. वाळू मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकीच ओल हवी. दर पंधरा दिवसांनी मिश्रण हलवून हवा द्यावी. बियांना मोड दिसू लागले की पेरणी लांबवू नये.

पेरणी आणि रोपवाटिका

पेरणीसाठी वाळू अधिक असलेली, पाण्याचा निचरा होणारी माती घ्यावी. बी अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. लहान बियांत साठा थोडा असतो. खोल गेलेला अंकुर प्रकाशापर्यंत पोहोचण्याआधीच संपतो. वर वाळूचा पातळ थर देऊन झारीने पाणी घालावे. शीतोपचार झालेले बी २० अंशांच्या आसपास तापमान मिळाल्यास एक ते दोन आठवड्यांत उगवू लागते.

लडाखमध्ये यासाठी स्थानिक हरितगृहे उपयोगी पडतात. तीन बाजूंना मातीच्या विटांच्या जाड भिंती आणि दक्षिणेला प्लास्टिकचा पारदर्शक पडदा अशी त्यांची सोपी रचना असते. दिवसा भिंती ऊन साठवतात आणि रात्री ऊब देतात. त्यामुळे बाहेरची जमीन गोठलेली असतानाच रोपे तयार करण्यास सुरुवात करता येते. लेहमधील संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या उच्च पर्वतीय संशोधन संस्थेने थंड प्रदेशातील हरितगृहांबरोबरच सी बकथॉर्नवरही अनेक वर्षे काम केले आहे.

उगवणीनंतरचे काही आठवडे नाजूक असतात. वरची माती सुकली तर रोपे माना टाकतात. फार ओली राहिली तर बुरशीमुळे बुंध्याशी कुजून कोलमडतात. सकाळी पाणी देणे आणि दाटी झाल्यास विरळणी करणे हा त्यावरील साधा उपाय. हे झुडूप उन्हाचे भुकेले आहे. सावलीत त्याची रोपे लांबट आणि दुबळी होतात.

या टप्प्यावर फ्रँकियाचा विसर पडू नये. निर्जंतुक मिश्रणात वाढलेल्या रोपाला तो आपोआप भेटत नाही. जुन्या, निरोगी जाळीच्या मुळांजवळची थोडी माती रोपवाटिकेच्या मिश्रणात मिसळणे, हा परंपरागत आणि स्वस्त उपाय. काही महिन्यांनी एखादे रोप उपटून मुळांवर गाठी धरल्या आहेत का, ते पाहावे. युरियासारखे नत्रयुक्त खत या रोपांना भरपूर देणे मात्र आत्मघातकी ठरते. आयता नत्र मिळाला की रोप गाठी करण्याचे टाळते आणि उजाड उतारावर गेल्यावर उपाशी पडते. त्याला स्फुरदाची गरज असते. थोडे चांगले कुजलेले खत पुरते.

पहिला हिवाळा आणि पुनर्लागण

उन्हाळा संपत आला की रोपांचे पाणी हळूहळू कमी करावे, म्हणजे वाढ थांबून फांदी पक्व होते. पहिल्या हिवाळ्यात थंडीपेक्षाही मोठा धोका जमिनीच्या गोठण्या-वितळण्याचा असतो. मातीतील पाणी गोठताना फुगते, रोपाला वर उचलते आणि मुळे उघडी पडतात. वाफ्यावर पाल्याचे किंवा पेंढ्याचे आच्छादन घातल्यास हा धोका बराच टळतो.

एक ते दोन वर्षांची रोपे वसंत ऋतूत, कळ्या फुटण्यापूर्वी कायमच्या जागी लावावीत. मुळे क्षणभरही उघडी सुकू देऊ नयेत. पहिली दोन-तीन वर्षे पाणी आणि शेळ्या-मेंढ्यांपासून संरक्षण या दोन गोष्टी अपरिहार्य आहेत. मोठेपणी कुंपणाचे काम करणारे हे झुडूप लहानपणी मात्र गुरांच्या तोंडी सहज सापडते.

नर-मादीचा प्रश्न

सी बकथॉर्नमध्ये नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. परागण वाऱ्याने होते. फुले वसंतात, पाने येण्याच्या सुमारास उमलतात. बियांच्या रोपाचे लिंग पहिली तीन-चार वर्षे बाहेरून कळत नाही. फुलाच्या कळ्या धरल्यावर हिवाळ्यात फरक दिसतो. नराच्या कळ्या मोठ्या आणि अधिक खवल्यांच्या असतात, मादीच्या लहान आणि निमुळत्या. फळबागेत सहा ते आठ माद्यांमागे एक नर पुरतो, आणि तोही वाऱ्याच्या दिशेला असावा लागतो.

बियांची रोपे घेऊन फळबाग लावणाऱ्या शेतकऱ्याला याच ठिकाणी फटका बसतो. चार वर्षे पाणी घातल्यावर निम्मी झाडे फळ न देणारी निघतात. वर्षातून एकच पीक घेता येणाऱ्या प्रदेशात चार वर्षे ही मोठी किंमत आहे. म्हणून रोपे वाटणाऱ्यांनी ती बियांची आहेत की छाटाची, हे घेणाऱ्याला आधी सांगणे हा केवळ तांत्रिक तपशील नाही, तर सचोटीचा भाग आहे.

उपकारक झुडूप, पण कोठे?

थंड प्रदेशात उपयोगी पडणारे नत्रदाते झुडूप हे एकच नाही. सायबेरियातील कॅरागाना आर्बोरेसेन्स हे पिवळ्या फुलांचे शेंगवर्गीय झुडूप कॅनडाच्या गवताळ मैदानांत वारारोधक पट्ट्यांसाठी मोठ्या प्रमाणावर लावले गेले. सस्कॅचेवान प्रांतातील इंडियन हेड येथील सरकारी रोपवाटिकेच्या योजनेतून १९०१ ते २०१३ या काळात ६० कोटींहून अधिक रोपे वाटण्यात आली. त्यांत कॅरागानाचा वाटा मोठा होता. त्याचे बी दिवसभर पाण्यात भिजवले तरी बहुधा उगवते. मात्र शेंगा तडकून बी विखुरण्यापूर्वीच ते गोळा करावे लागते.

या यशाला दुसरी बाजूही आहे. कठीण जमिनीत तग धरणारे झुडूप सुपीक जमिनीत आक्रमक होऊ शकते. सी बकथॉर्नचाच भाऊबंद असलेला रशियन ऑलिव्ह अमेरिकेच्या पश्चिम भागात नदीकाठच्या मूळ वनस्पतींना हटवून पसरला आहे. खुद्द सी बकथॉर्न ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यावर मूळचे आहे. पण पश्चिम किनाऱ्यावर वाळू थोपवण्यासाठी लावल्यानंतर ते इतके फैलावले, की ते काढण्याच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. चीनने १९८५ नंतर पिवळ्या मातीच्या पठारावर धूप रोखण्यासाठी त्याची प्रचंड लागवड केली. तिला यशही आले. परंतु एकाच झुडपाच्या सलग रानांत पुढे खोड पोखरणाऱ्या पतंगाच्या अळ्यांनी मोठे नुकसान केले. मूळ प्रदेशातील झुडूप आणि त्याला अन्य झाडा-गवतांची साथ, ही दोन पथ्ये यातून निघतात.

याच कारणाने महाराष्ट्रातील हौशी बागकामप्रेमींनी सी बकथॉर्नचे बी कुंडीत पेरण्याचा मोह टाळलेला बरा. कडक हिवाळ्यावाचून त्याचे ऋतुचक्र पूर्ण होत नाही. आपल्या हवामानात तेच काम गिरिपुष्प, शेवरी, हादगा आणि ताग चोख बजावतात.

लडाखसाठी मात्र हा प्रश्न निकडीचा आहे. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीने लेह परिसरात दोनशेहून अधिक बळी घेतले आणि तेथील उघडे उतार किती ठिसूळ आहेत, हे दाखवून दिले. एखादे झुडूप असा लोंढा थोपवू शकत नाही. मात्र वर्षानुवर्षे वाऱ्याने आणि वितळत्या बर्फाने होणारी धूप ते निश्चितपणे मंदावते, आणि त्याच्या फळांवर अनेक गावांतील महिलांच्या गटांची हंगामी मिळकतही उभी आहे. फळांची मागणी वाढत असताना जाळ्या झोडपल्या जाणार आणि सरपणासाठी तोडल्याही जाणार. त्यांची भरपाई केवळ धुमाऱ्यांवर सोपवता येणार नाही. दर शरद ऋतूत गोळा होणाऱ्या फळांतील थोडेसे बी रोपवाटिकेसाठी राखून ठेवणे, हा त्यावरील सर्वात स्वस्त उपाय आहे. जी थंडी तेथील माणसांचे जगणे कठीण करते, तीच त्या बियांना जागे करते.